माहेरीं जाणाऱ्या लेकीचे कागद



पुण्यामुंबईच्या कित्येक घरांतील सुना सातव्या महिन्यांत डोहाळजेवण आटोपून पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं जातात. कुणाचें माहेर जालना जिल्ह्यांतील जाफराबादसारख्या तालुक्याच्या गांवीं असतें. अशा लेकीस गांठणाऱ्या दोन दुखण्यांविषयीं आज बोलावयाचें आहे. एक गरोदरपणांतील मधुमेह. दुसरें, विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून वर जाऊन बहुधा लघवींतून प्रथिनें जाऊं लागणें. यास डॉक्टर प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. दोन्ही आरंभीं मुकीं असतात. मोजल्यावांचून कळत नाहींत.

मधुमेह लठ्ठ व सुखवस्तु माणसांचाच, ही समजूत खरी नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, आपलीं अर्भकें वजनानें हलकीं, पण अंगीं चरबी राखून जन्मतात. अशी चरबी सडपातळ शरीरासही मधुमेहाकडे नेते. म्हणून परीक्षा सर्वांचीच व्हावी. ती सोपी आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यांतून पाजावयाचें व दोन तासांनीं रक्त पाहावयाचें. साखर १४० किंवा अधिक भरली, तर उपचार हवा. ही परीक्षा पहिल्या भेटींत एकदां, व २४ ते २८ आठवड्यांत पुन्हां करावी.

साखर आवरली नाहीं तर बाळ वाजवीपेक्षां वाढतें व प्रसूति अडते. रक्तदाबाच्या विकारांत वारेचा रक्तपुरवठा घटून तें खुरटतें, आणि आईस झटके येऊं शकतात. शिवाय मधुमेह असलेल्या स्त्रीस हा दुसरा विकार होण्याचा संभव अधिक. मात्र उपाय आहेत. मॅग्नेशियम सल्फेटानें झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हें २००२ मध्यें ३३ देशांतील प्रयोगानें सिद्ध झालें.

परंतु उपाय करणारास माहिती हवी. साखर पाहिली पुण्यास, आणि मध्यरात्रीं डोकें ठणकून डोळ्यांपुढें अंधारी आली माहेरीं! त्या वेळीं नव्या डॉक्टरांस मागील आंकडे कोण सांगणार? म्हणून ओटी भरतांना नारळातांदळाबरोबर तपासणीचे सारे कागद लेकीच्या हातीं द्या. माहेरच्यांनीं पहिल्याच आठवड्यांत तिचें नांव जवळच्या रुग्णालयांत घालावें. पाय सुजले तर "चालायचेंच" म्हणूं नये. झटके प्रसूतीनंतरही येतात, आणि सहा आठवड्यांनीं साखर पुन्हां पाहावी लागते.

लेक सुखरूप परतावी, याहून मोठें डोहाळजेवण कोणतें?