तीन कंठ आणि लोखंडाचा घण

लंडन शहरांत पोर्टोबेलो रोड नांवाचा एक रस्ता आहे. जुन्यापुराण्या वस्तूंच्या बाजाराबद्दल त्याची ख्याति आहे. १९९० च्या सुमारास या रस्त्यावर तीन तरुणी उभ्या राहून गात असत. साथीला पेटी नाहीं, तंतुवाद्य नाहीं, कीं ताल धरावयासही कोणी नाहीं. आणि गाणीं कोणतीं म्हणाल, तर पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अमदानींतलीं, चारशें वर्षांपूर्वींचीं! कॅथरिन ब्लेक, केली मॅकस्कर व जोसेलिन वेस्ट हीं त्यांचीं नांवें. आपल्या मेळ्याला त्यांनीं ‘मिरांडा सेक्स गार्डन’ असें नांव दिलें. तें ऐकून कपाळाला आठ्या पडणें स्वाभाविक आहे. परंतु नांवावरून गाण्याची परीक्षा करूं नये हेंच बरें.

त्या गात तो मॅड्रिगल हा प्रकार मूळचा इटलीचा. १५८८ सालीं निकोलस याँग यानें इटालियन मॅड्रिगलांना इंग्रजी शब्द बसवून एक संग्रह लंडनमध्यें छापला, आणि इंग्लंडांत त्यांची एकच लाट उसळली. थॉमस मॉर्ले यानें १५९३ सालीं तीन कंठांसाठीं रचलेलीं लहान गीतें प्रसिद्ध केलीं. आपल्या गायनांत गायक स्वरांची एकच रेषा काढीत जातो व तंबोरा तिच्यामागें आधाराला उभा असतो. मॅड्रिगलांत तसें नसतें. तीन, चार, पांच कंठ एकाच वेळीं निरनिराळ्या चाली म्हणत असतात. एकानें ओळ उचलावी, दुसऱ्यानें ती किंचित् मागाहून धरावी, तिसऱ्यानें तिला आडवें जावें, आणि तरीही सर्वांचा मेळ सुरेल बसावा! येथें कोणी मुख्य गायक नाहीं व कोणी साथीदार नाहीं. शिवाय शब्दाचा मान मोठा. उसाशाचा उल्लेख आला कीं चाल मध्येंच तुटते, चढण्याचा आला कीं सूर वर जातो. असें हें नाजूक काम आहे. एक कंठ डळमळला कीं इमारत ढासळते, आणि बाहेरचा आवाज वाढला कीं ती दिसेनाशी होते.

बॅरी अ‍ॅडमसन या संगीतकारानें त्यांचें गाणें रस्त्यावर ऐकलें व आपल्या ध्वनिमुद्रणासाठीं त्यांना बोलावून घेतलें. पुढें म्यूट या कंपनीनें त्यांच्याशीं करार केला. डॅनिएल मिलर यांनीं १९७८ सालीं काढलेल्या या कंपनीचा लौकिक विद्युत्-यंत्रांवर रचलेल्या संगीताबद्दल. तरीही १९९१ सालीं तिनें ‘मॅड्रा’ ही जी ध्वनिमुद्रिका काढली, तींत मॅड्रिगलांखेरीज कांहीं नाहीं व कंठांखेरीज वाद्य नाहीं.

येथेंच त्या थांबत्या तर जुन्या संगीताच्या चाहत्यांनीं त्यांना डोक्यावर घेतलें असतें. पण १९९२ सालीं ‘आयरिस’ या लहान मुद्रिकेंत ढोल आले, विजेची गिटार आली. १९९३ च्या ‘सस्पिरिया’ला तर एका इटालियन भयपटाचेंच नांव आहे. इंग्लंडांत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रॉक संगीताची एक काळोखी शाखा फुटली होती. मृत्यु, पडकीं देवालयें, काळीं वस्त्रें यांची तिला आवड, व ‘गॉथिक’ हें तिचें नांव. हा मेळा आतां त्या घरांत राहावयास गेला. त्याच वर्षीं डेपेश मोड या विख्यात मंडळीच्या दौऱ्यांत आरंभीं गाण्याची कामगिरीही त्यांनीं केली. रस्त्यावरच्या घोळक्याऐवजीं समोर आतां दुसऱ्याच कोणाची वाट पाहणारे हजारों श्रोते!

१९९४ ची ‘फेअरीटेल्स ऑफ स्लेव्हरी’ अलेक्झांडर हाके यांच्या देखरेखीखालीं तयार झाली. हे बर्लिनच्या आइन्स्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या मंडळीचे. १९८० सालीं निघालेली ही मंडळी मोडके लोखंडी पत्रे, घण व भोंक पाडण्याचीं यंत्रें यांनाच वाद्यें मानी. कारखान्याचा खडखडाट आणि मॅड्रिगल! एकाच चुलीवर दूध व चुना ठेवण्यासारखाच हा प्रकार, असें कोणीही म्हणेल.

नुकसान झालें हें उघड आहे. गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज वरच्या पट्टीपर्यंत पसरतो व शब्दांतलीं ‘स’, ‘त’ यांसारखीं व्यंजनें गिळून टाकतो. तिन्ही कंठांची बरोबरीही मोडली. ब्लेकबाईंचा कंठ पुढें आला आणि इतर मागें सरले. परंतु रॉकमध्यें आवाज ओरडून मोठा करण्याची जी सर्रास चाल आहे, तिच्या आहारीं त्या गेल्या नाहींत. सूर थरथरविल्यावांचून सरळ लावणें व दुसऱ्याचा सूर ऐकत आपला सांभाळणें हें शिक्षण शाबूत राहिलें. त्या सरळ सुरामुळेंच भोंवतालचा गोंगाट भयाण वाटतो; नुसता गोंगाट असता तर कान घटकेंत बधिर झाले असते. जुनी विद्या संग्रहालयांत ठेवण्याऐवजीं त्यांनीं ती पणाला लावली, आणि निम्मी तरी परत मिळविली. हा सौदा अगदींच तोट्याचा म्हणतां येणार नाहीं.

हिशेब ब्लेकबाईंनीं स्वतःही केला असावा. १९९६ सालीं त्यांनीं ‘मेडीव्हल बेब्ज’ हा केवळ स्त्रीकंठांचा दुसरा मेळा उभारला व मध्ययुगीन लॅटिन आणि जुन्या इंग्रजी पद्यांकडे मोर्चा वळविला. १९९७ ची ‘साल्व्हा नोस’ ही त्याची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका. मात्र लोखंडाचा नादही त्यांना सोडवेना. जुन्या मेळ्याच्या नांवानें ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ ही आणखी एक मुद्रिका २००० सालीं बाहेर पडली.