मशीनवरून उठलेला मालक

(खंडाळा येथील वसंत व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्या तालुक्यात महामार्गाच्या कडेनं मोठे कारखाने आले. एशियन पेंट्सचा 2013 साली सुरू झाला. त्यांच्या मागोमाग छोटी वर्कशॉप्स आली, टेम्पोवाले आले, जेवणाचे डबे पोचवणारे आले. मी आज या मागोमाग आलेल्यांविषयी बोलणार आहे. मोठ्यांना सल्ला द्यायला फी घेणारे पुष्कळ आहेत.

शिरवळकडच्या एखाद्या जॉबवर्कच्या शेडमध्ये सकाळी अकराला जा. मालक स्वतः लेथवर उभा. एका फोनवर पर्चेसवाले साहेब विचारताहेत, माल कधी निघतोय? दुसऱ्यावर बँक. दारात टेम्पोवाला चलनासाठी खोळंबलाय, एक पोरगा उचल मागायला घुटमळतोय. मालक सगळ्यांना एकच सांगतो, “पाच मिनिटं थांब.” हा माणूस कामचुकार नाही. त्याच्याइतकं राबणारं शेडमध्ये कुणी नाही. तरी शेड आहे तेवढीच राहते, कारण धंद्याचा विचार करणारा एकमेव माणूस दिवसभर जॉब कापतोय.

कामं वाटून दिलेला कारखाना पाहायचा तर आता लोणंदवरून जाणाऱ्या लोहमार्गानं खाली सांगली जिल्ह्यात चला. तो उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईत चित्रकला शिकायला गेलेला हा मुलगा रंगांधळा निघाला, म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळला, पुढे मुंबईतच शिक्षक झाला. बढती डावलली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आला. थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचा धंदा, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर दोन वर्षं खपेना. लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती मोडते न मोडते तोच बेळगावच्या नगरपालिकेला शहरवाढीसाठी त्यांची जागा हवी झाली. बिऱ्हाड उचलावं लागलं. औंध संस्थानाच्या गादीवर नुकतेच आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ आणि कर्ज दिलं. 1910 च्या मार्चमध्ये निवडुंग आणि साप हटवत किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो आणि टाळ्या घेतो. मला तिच्यातली हजेरीपटावरची नावं जास्त महत्त्वाची वाटतात. रामूअण्णा वसाहतीचा कारभार पाहायचे. शंभूराव जांभेकर यंत्रांकडे. मंगेशराव रेगे कारकुनी आणि हिशेबाला. अनंतराव फळणीकर परीक्षेत नापास झालेले, पण कल्पक यंत्रज्ञ ठरले. पहाऱ्याला नेमले तुकाराम रामोशी आणि पिराजी, दोघंही शिक्षा भोगलेले. माळावर धड रस्ता नव्हता तेव्हा कारखान्याला हिशेबनीस होता! आपल्याकडे पंधरा कामगार झाले तरी हिशेब ड्रॉवरमधल्या बिलांच्या गठ्ठ्यात असतो, आणि तो उघडतो तो जीएसटीची तारीख आली की.

हिशेबाला माणूस कशाला, असं विचाराल. एक गणित करू. महिन्याला 10 लाखांची बिलं, खर्च 8 लाख, सुटतात 2 लाख. कंपनी पैसे 60 दिवसांनी देते आणि तुम्हाला माल, पगार, वीज रोखीनं भागवायचंय. म्हणजे तुमचे 16 लाख कायम बाहेर. एक दिवस साहेब खूश होऊन ऑर्डर दुप्पट करतात. पेढे वाटता. आता 32 लाख बाहेर राहणार. वरचे 16 लाख आणायचे कुठून? जुन्या नफ्यानं तेवढे जमायला आठ महिने लागतील, आणि पगार तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेला आहे. ऑर्डरी भरपूर असताना शेडला कुलूप लागतं ते असं. नियोजन म्हणजे दुसरं काही नाही, पुढच्या तीन महिन्यांत कुठल्या तारखेला किती येणार आणि किती जाणार, हे एका कागदावर मांडणं. ऑर्डर घेण्याआधी.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यातल्या तरतुदीनं तर वेळेत न दिलेली रक्कम वर्षअखेरही थकलेली असेल, तर ती कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. पण साहेबांवर तक्रार करून पुढची ऑर्डर कोण घालवणार? मलाही हे कळतं. निदान उद्यम नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा आणि देय तारीख ठळक लिहा. तेवढ्यानं अकाउंट्समधला पोरगा तुमचं बिल गठ्ठ्यात वर ठेवतो.

हे सगळं करायला मालकाला मशीनवरून उठावं लागेल. म्हणून धंदा वाढवताना पहिला नवा माणूस घ्यायचा तो तुमच्या जागी लेथवर उभा राहणारा. तुमच्याइतकं चोख काम त्याला पहिल्या दिवशी जमणार नाही, रिजेक्शन वाढेल. त्याच्या हातातून जॉब हिसकावून घ्यायचा मोह तुम्हाला होईल. तिथेच तुमच्या पुढारपणाची परीक्षा आहे, भाषण ठोकण्यात नाही.

आणि घरात बघा जरा. कित्येक शेड्सचा खरा हिशेब मालकीणबाई ठेवतात. कुणाचे किती अडकलेत ते त्यांना तोंडपाठ असतं. नवं मशीन घ्यायचं ठरतं तेव्हा मात्र त्यांना कुणी विचारत नाही, हप्ता थकल्यावर विचारतात.

पहिल्यांदा काय सोडायचं? माझ्या मते डिस्पॅच. चलन, टेम्पो, गेटपास हे महिन्याभरात दुसऱ्याला शिकवता येतं. मग खरेदी. मग मशीनचं सेटिंग, ते जीवावर येईल. दर ठरवणं आणि माणूस निवडणं ही दोन कामं मात्र बरीच वर्षं स्वतःकडे ठेवा. पोटदुखीनं आठ दिवस अंथरूण धरलं तर शेडमधलं काय काय बंद पडेल, त्याची यादी आज रात्री करा. तुमच्या शेडपुरता क्रम त्या यादीतून निघेल. आता प्रश्न घेऊ.