आमच्या घरातला शरद

(मंडळाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि असे उभे राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या खिडकीतल्या भाताबद्दल सांगा, दुसरे काही नको." तेवढे मला येईल. चैत्रातल्या हळदीकुंकवात मी आश्विनाची गोष्ट काढणार, ह्याचे तुम्हाला नवल वाटेल. त्याचे कारण शेवटी सांगते.

मुंबईत शरद ऋतू कसला? पाऊस परतला की वारा पडतो, आभाळ निवळते, ऊन थेट अंगावर येते, आणि जमिनीतली ओल तर अजून सुकलेली नसते. पारा ३५ अंशांच्या वर जातो. पुस्तकात शरदाचे चांदणे असते आणि आमच्याकडे घामोळ्यांची पावडर! मीही असेच म्हणत असे.

२०२१ साली माझे सासरे वारले. रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे घर बंद झाले, शेत भावकीला अर्धेलीने दिले, आणि सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या. जुनी चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. पावसाळाभर त्या ठीक होत्या. नवरात्र जवळ आले तशा गप्प झाल्या. जेवण अर्ध्यावर आले. एक दिवस पाहते तर लुगडी पिशवीत भरून दाराशी बसलेल्या. म्हणाल्या, "कापणी आली असेल गो."

मला वाटले, उकाड्याने जीव घाबरला असेल. हप्त्याने कूलर घेतला. आपल्या दमट हवेत कूलर म्हणजे ओल्या फडक्याने वारा घालणे. घर आणखीच चिकट झाले. सासूबाई म्हणाल्या, "गावाला काय थंडी पडते? ह्याच उन्हात आम्ही भात कापतो." मग मी बाजारातून झेंडूचे प्लास्टिकचे तोरण आणून दाराला लावले. त्यांनी ते हातात धरले, नाकाशी नेले आणि नुसते सोडून दिले. खरे सांगते, मला राग आला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. एवढे करून ह्यांना हवे तरी काय?

राग उतरल्यावर मात्र तो वास डोक्यातून जाईना. दसऱ्याच्या पहाटे पाचला मी दादरच्या फुलबाजारात गेले. तिथे बाया झेंडू, आपट्याची पाने आणि भाताच्या लोंब्या घेऊन बसतात. दोन जुड्या आणल्या. सासूबाईंनी एक दाणा नखाने सोलला, दाताखाली धरला आणि म्हणाल्या, "कोवळे कापलेय." नावे ठेवली, पण पदर खोचून बसल्या. आंब्याच्या पानात लोंबी आणि झेंडूचे फूल घालून त्यांनी दोऱ्याने नवे बांधायला घेतले. आपल्यातल्या कोकणच्या बायांना नवे सांगायला नको. इतरांसाठी सांगते, नवे धान्य आले की त्याची अशी जुडी दाराला, तुळशीला, नांगराला, कणगीला बांधतात. कुठे दसऱ्याला, कुठे कोजागिरीला. आमच्याकडे ना नांगर ना कणगी. त्यांनी एक नवे तांदळाच्या डब्याला बांधले, एक गॅसच्या सिलिंडरला, एक फ्रीजच्या मुठीला, आणि एक ह्यांच्या स्कूटरला बांधायला मला अकरा मजले खाली पाठवले. त्या दुपारी उकाडा तेवढाच होता. पण घराला ओल्या पेंढ्याचा वास आला आणि सासूबाई पोटभर जेवल्या.

पुढच्या जूनमध्ये गावाहून मूठभर बियाणे मागवले. हळवे भात, म्हणजे दसऱ्यापर्यंत हाती येणारे; गरवे आपल्या कामाचे नाही, ते फार उशिरा येते. एका कुंडीत पेरले, तीन आठवड्यांनी रोपे उपटून रंगाच्या दोन रिकाम्या बादल्यांत चार-चार रोपांचे चूड लावले. बादल्या पश्चिमेच्या खिडकीत, जाळीच्या आत. सासूबाई रोज बोट बुडवून पाणी पाहत. दाणा भरू लागला तशी कबुतरे आली. मग काय विचारता! दिवसभर आमच्या खिडकीत "हाऽड, हाऽड" सुरू. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटले, म्हातारीचे डोके फिरले. एका बादलीत नुसते पोचट दाणे निघाले. दुसरी भरली.

कोजागिरीला निराळीच अडचण. आमच्या खिडकीतून समोरची इमारत दिसते, चंद्र दिसत नाही. आणि गच्चीला कुलूप. किल्ली मागितली तर नियम दाखवले. तेव्हा आपल्या मंडळाच्या सहा जणी माझ्याबरोबर आल्या, म्हणून किल्ली मिळाली. ती गोष्ट मी विसरणार नाही. शरदात पित्त वाढते म्हणून दही टाळावे आणि दूध घ्यावे असे वैद्य सांगतात. आम्ही मात्र तेव्हा पित्ताचा विचार केला नाही, आटवलेले दूध चांदण्यात ठेवले आणि भोंडल्याची गाणी म्हणत बसलो. बाराच्या सुमारास हे पाळी संपवून थेट गच्चीवर आले. कोजागिरीला थोरल्या मुलाला ओवाळतात. पन्नाशीचा मुलगा, कामाच्या कपड्यांत पाटावर बसला. सासूबाईंनी त्याच्या कपाळाला आमच्या बादलीतल्या भाताच्या अक्षता लावल्या. "ह्या वर्षी आपले भात चांगले आले," असे त्या मला म्हणाल्या. आपले म्हणाल्या. पिशवी भरून दाराशी बसणे त्यानंतर झाले नाही.

गेल्या माघात त्या गेल्या. त्यांच्या उशाखाली एक पुरचुंडी सापडली. सुकवून, पाखडून ठेवलेले बियाणे. तेच मी आज आणले आहे. आपल्यात कितीजणींच्या घरी अशी माणसे दाराकडे पाहत बसलेली आहेत, हे मला ठाऊक आहे. सात-आठ घरांना पुरेल एवढे आहे. पाऊस लागला की पेरा. आणि बादलीला खाली भोक पाडू नका. कुंडीला पाडतो तसे मी पहिल्या वर्षी एका बादलीला पाडले होते, ती पोचट निघाली ती हीच. भाताला पाणी उभे लागते.