थंडीतली नाडी

निफाड परिसरात जानेवारीच्या पहाटे द्राक्षबागा वाचवायला शेकोट्या पेटतात. त्याच वेळी पुण्यात पर्वतीच्या 103 पायऱ्या चढणाऱ्यांची रीघ लागलेली असते. त्यांत पन्नाशीतले पुष्कळ.

थंडीने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून घरातून निघून थेट पायऱ्यांना भिडणं बरं नव्हे. आधी दहा मिनिटं सपाटीवर सावकाश चालावं. कानटोपी हवीच.

वेग किती ठेवायचा, हे नाडी सांगते. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून 15 सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. 220 मधून वय वजा केलं की कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो: पन्नाशीत 170. मध्यम व्यायामात त्याच्या 50 ते 70 टक्के, म्हणजे मिनिटाला 85 ते 119 ठोके पुरेत. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, हीसुद्धा चांगली खूण. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच मंदावतात. त्या घेणाऱ्यांनी आपला आकडा डॉक्टरांनाच विचारावा.

चालताना छातीत दडपण आलं, हातात कळ गेली किंवा दरदरून घाम फुटला, तर तिथंच थांबा आणि 108 क्रमांकावर फोन करा.