बादलीला भोकं पाडण्याआधी हवेची वाट ठरवा

आजचा विषय छोटा आहे: घरच्या घरी प्लॅस्टिकच्या बादलीला हवेसाठी भोकं कशी पाडायची. ओल्या कचऱ्याचं खत करायला बरेच जण २० लिटरची रंगाची रिकामी बादली घेतात, तेच उदाहरण धरू. आठवड्याभरात वास सुटतो, शेजारी कुरकुर करतात आणि बादली भंगारात जाते. दोष कचऱ्याचा नसतो, बहुतेक वेळा हवेचा असतो.

कचरा कुजवणारे जिवाणू दोन प्रकारचे. हवा मिळाली की एका प्रकारचे काम करतात आणि मातीसारखा वास येतो. हवा संपली की दुसरे ताबा घेतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणून भोकं किती, यापेक्षा कुठे हा प्रश्न मोठा.

थोडं गणित करू. ६ मिलिमीटरच्या एका भोकाचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर. अशी ४५ भोकं म्हणजे सगळी मिळून जेमतेम १३ चौरस सेंटिमीटर. झाकणाला ४ सेंटिमीटर व्यासाचं एकच भोक पाडलं तरी तेवढीच मोकळी जागा मिळते. मग एकच का नको? कारण ती हवा वरच्या थरापाशीच राहते, तळाचा कचरा गुदमरतोच. कुजताना कचरा गरम होतो, गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा आत ओढली जाते. तिला खालून यायला आणि वरून जायला, दोन्हीकडे वाट हवी.

म्हणून तीन ओळी आखा. पहिली तळापासून ५ सेंटिमीटरवर, दुसरी मधोमध, तिसरी झाकणाच्या जरा खाली. दोन भोकांमध्ये ६ सेंटिमीटर अंतर ठेवा. भोकं बरोबर एकाखाली एक नकोत, नाहीतर बादली उचलताना चीर तिथूनच जाते. तळाला पाणी निथळायला आठ-दहा भोकं, बादली विटांवर आणि खाली एक ताटली.

आता पाडायची कशी? आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे गॅसवर खिळा तापवायचा. भोक पडतं, कडाही गोल होते, खोटं कशाला बोला. पण हिशेब बघा. या बादल्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा एचडीपीईच्या असतात. एक साधारण १६५ अंशांना वितळतं, दुसरं १३० च्या आसपास. लाल झालेला खिळा ६०० च्या पुढे असतो. म्हणजे प्लॅस्टिक वितळत नाही, जळतं, आणि तो धूर बंद स्वयंपाकघरात आपण आणि पोरंबाळं ओढतो. बुडाच्या त्रिकोणात ३ आकडा असेल तर ते पीव्हीसी, त्याला आच लावूच नका, जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ते ठिसूळ, ड्रिललाही तडकतं. २ किंवा ५ आकड्याची बादली शोधा.

ड्रिल मशीन सगळ्यांत बरं. हॅमर मोड बंद, वेग कमी. बादली आडवी ठेवून आतून लाकडाचा ठोकळा लावा, दुसऱ्या कुणाला तरी घट्ट धरायला सांगा. आधी ३ मिलिमीटरचं बिट, मग ६ चं. दाबू नका, बिटला त्याचं काम करू द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. खाली जुना पेपर अंथरा. प्लॅस्टिकचा कीस खतात गेला तर तो पुढे कुंडीत जाणार, म्हणून बादली आतून पुसून घ्या.

चिलटं ६ मिलिमीटरमधून आरामात आत जातात. त्यामुळे बाहेरून मच्छरदाणीची जाळी गुंडाळून सुतळीने बांधा. गोंदाच्या फंदात पडू नका, या प्लॅस्टिकला साधा गोंद धरतच नाही.

आणि शेवटचं. भोकं बरोबर असली तरी आत चिखल असेल तर हवा शिरणार नाही. एक भाग ओला कचरा, दोन भाग सुका पाला, आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करा. मूठभर घेऊन पिळलं की एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको.

तर या रविवारी पेन घेऊन आधी नुसत्या खुणा करा, ड्रिल नंतर. भेटू पुढच्या भागात.