कळफलकाची पारख

श्रोतेहो, ज्या माणसाचें सारें आयुष्य खडखडाटांत गेलें त्यानें आवाजाविषयीं बोलावें, हें थोडेसें चमत्कारिक आहे खरें. बुलढाणा जिल्ह्यांत खामगांवीं एका टंकलेखनवर्गांत मीं पुष्कळ वर्षें शिकविलें. एका खोलींत बारा यंत्रें, वर पत्र्याचें छप्पर, आणि कापसाचे दिवस असले म्हणजे खिडकींतून आंत येणारा रुईचा बारीक तंतु. असा आवाज रोज आठ तास ऐकला म्हणजे पुढें पुढें तो ऐकूंच येईनासा होतो. एखादें यंत्र थांबलें तर मात्र ताबडतोब लक्ष जातें.

तीं यंत्रें आतां गेलीं. गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं आपल्या देशांत टंकलेखन-यंत्र बनविण्यास प्रारंभ केला आणि २००९ सालीं तें काम थांबविलें. शासनाची टंकलेखनाची परीक्षाही संगणकावर आली. परंतु मिनिटाला मराठी तीस शब्द आणि इंग्रजी चाळीस शब्द ही लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीची अट कांहीं गेली नाहीं, आणि म्हणून ज्या घरांत पूर्वीं कोणी यंत्र विकत घेण्याचें मनांतही आणलें नसतें, त्या घरांतून आज मुलामुलींसाठीं संगणकाचा कळफलक विकत घेतला जातो. तो घेतांना वाजतो किती, बोटाला लागतो कसा आणि टिकतो किती, या तीन गोष्टी कशा पारखाव्या, एवढाच माझा आजचा विषय आहे. या विषयांत माझ्या हातून एक चूक झाली, ती आधीं सांगतों. कारण बाकीचें सारें शहाणपण मला त्या चुकीनंतर आलें आहे.

माझा धाकटा भाऊ जिनिंग-प्रेसमध्यें कामाला आहे. हंगामांत त्याला रात्रपाळी असते. घर दोन खोल्यांचें. मध्यें दार नाहीं, पडदा आहे. त्याची मुलगी यंदां परीक्षेला बसणार असें कळल्यावर मीं मोठ्या हौसेनें तिला एक कळफलक भेट दिला. दुकानांत चार प्रकार दाखविले होते. त्यांतला जो सर्वांत अधिक वाजला तो मीं घेतला! माझे कान त्या खट्-खट् आवाजाला चटावलेले. मला वाटलें, हाच खरा टंकलेखनाचा आवाज. पंधरा दिवसांनीं सहज घरीं गेलों, तों वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, कळफलक फार चांगला आहे, पण तुमचे भाऊ आतां दुपारीं देवळाच्या ओसरीवर जाऊन निजतात.” भाऊ मला एका शब्दानें बोलला नव्हता. मुलीला तें कळलें तेव्हां तिनें सरावच सोडला होता. मला विचारलें असतें तर मीं सांगितलें असतें. पण तिनें विचारलें नाहीं, कारण भेट काकांची!

आतां ह्या आवाजाचें मूळ पाहूं. स्वस्त कळफलकांत सर्व कळांखालीं रबराची एकच चादर असते आणि प्रत्येक कळीच्या जागीं तिला एक लहानसा घुमट असतो. कळ दाबली कीं घुमट खचतो व खालच्या दोन पापुद्र्यांचा संयोग होतो. महाग कळफलकांत, ज्यांना ‘मेकॅनिकल’ म्हणतात, प्रत्येक कळीखालीं आपापला स्वतंत्र खटका असतो: एक दांडी, एक स्प्रिंग आणि धातूची एक पाती. या खटक्यांत जर्मनीच्या चेरी कंपनीचे खटके १९८०च्या दशकापासून प्रसिद्ध आहेत. त्यांची ओळख दांडीच्या रंगावरून पटते. तांबडा खटका सरळ खालीं जातो, वाटेंत कांहीं लागत नाहीं. तपकिरी खटक्याला मध्यें एक बारीक उंचवटा आहे. बोटाला तो कळतो, कानाला फारसा नाहीं. निळ्या खटक्यांत दांडीवर एक निराळा सुटा तुकडा बसविलेला असतो, तो उंचवटा ओलांडून खालीं आपटतो आणि ‘खट्’ असा आवाज करतो. म्हणजे निळ्यांतला आवाज हा मुद्दाम घातलेला आहे. कंपनीच्या मापांप्रमाणें तांबड्याला सुमारें ४५ ग्रॅम, तपकिरीला ५५ ग्रॅम आणि निळ्याला ६० ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. आकडे लहान दिसतात, पण दिवसभरांत बोटें हजारों वेळां तो जोर देतात हें ध्यानांत घ्यावें.

आपल्याकडे हा निळा खटका नवा नाहीं. चेन्नईच्या टी.व्ही.एस. इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा ‘गोल्ड’ नांवाचा कळफलक याच खटक्यांचा म्हणून प्रसिद्ध झाला, आणि पुष्कळ कचेऱ्यांत व दुकानांच्या बिलाच्या टेबलांवर जी टकटक आपण ऐकत आलों ती त्याची होय. त्याहूनही मोठा आवाज ऐकायचा असेल तर आय.बी.एम. कंपनीचा १९८५ सालचा ‘मॉडेल एम’ पाहावा. त्यांत स्प्रिंग दाबतां दाबतां एकदम वांकते आणि तिच्या वांकण्याचाच ठोका ऐकूं येतो. त्याचे भक्त आजही आहेत. माझा त्यांच्याशीं वाद नाहीं. मात्र त्यांच्या घरीं रात्रपाळीचें माणूस नसावें.

मला जें उशिरां उमगलें तें असें कीं आवाज आणि स्पर्श या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतों. लिहिणाऱ्याच्या उपयोगाचा असतो तो स्पर्श; अक्षर उमटलें हें बोटाला डोळ्यांआधीं कळावें, एवढेंच त्याचें काम. तें काम तपकिरी खटक्याचा उंचवटा मुकाट्यानें करतो. आवाज लिहिणाऱ्याला सुखावतो, क्वचित् तालही देतो. परंतु त्याची किंमत घरांतल्या इतरांना द्यावी लागते.

आणि सारा आवाज खटक्याचाही नसतो. या खटक्यांत कळ एकंदर ४ मिलिमीटर खालीं जाते, पण अक्षर उमटतें तें सुमारें २ मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्या वाटेवर. उरलेली अर्धी वाट ही केवळ तळाशीं आदळण्याची. जुन्या यंत्रावर तळापर्यंत ठोका द्यावाच लागे; कागदांखालीं तीन कार्बन असले तर चौथ्या प्रतीवर अक्षर दिसलें पाहिजे! आम्ही मास्तरलोक मुलांना “ठोका द्या, ठोका” असें बजावीत असूं. तोच ठोका आज संगणकावर दिला जातो, आणि मग तांबडा मुका खटकासुद्धां धपधप वाजूं लागतो. माझ्या पुतणीचा हात मीं आठवडाभर हलका करवून घेतला. तेवढ्यानेंच निम्मा आवाज गेला असें वहिनींचें मत पडलें, आणि या बाबतींत त्यांच्या कानांवर माझा माझ्या कानांपेक्षां अधिक विश्वास आहे.

दुकानांत पारखतांना कळफलक हातांत धरून एक कळ दाबून पाहणें व्यर्थ आहे. तो टेबलावर ठेवावा, संगणकाला जोडून घ्यावा आणि एक कळ अगदीं हळूहळू दाबावी. अक्षर कोठें उमटतें, उंचवट्याच्या आधीं कीं नंतर, हें पाहावें. मग एक पुरतें वाक्य मराठींत लिहावें. मराठीच्या जुन्या यंत्राच्या पद्धतीचा कळफलक वापरणारांनीं हें अवश्य करावें, कारण त्यांत पुष्कळ अक्षरें अर्धें अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत पुरीं होतात, आणि वरचीं अक्षरें काढण्यासाठीं करंगळीला शिफ्टची कळ वरचेवर दाबून धरावी लागते. करंगळी ही हाताची सर्वांत दुबळी मजूर. तिला ६० ग्रॅमचें ओझें जड जातें कीं काय, हें दहा मिनिटांत कळून येतें. शेवटीं दुसऱ्या कोणाला तरी लिहावयास बसवून आपण दाराबाहेर उभें राहावें. बारीक, तीक्ष्ण टकटक दार लावलें कीं बरीच अडते. टेबलांतून उतरणारी जाड धपधप मात्र दाराला जुमानीत नाहीं. तिच्यावर उपाय दुकानांत नसून घरांत आहे. कळफलकाखालीं जुन्या घोंगडीची चौपदरी घडी घालावी.

रंगांविषयीं एक सूचना करणें जरूर आहे. चेरीच्या मूळ पेटंटांची मुदत संपल्यावर इतर कारखान्यांनीं, विशेषतः चीनमध्यें, तशाच घडणीचे खटके काढले. कांहीं उत्तम आहेत. परंतु निळा म्हणजे निळाच, तपकिरी म्हणजे तपकिरीच, असें कायद्यानें कोणी ठरविलेलें नाहीं. जोर आणि आवाज कारखान्यागणिक बदलतो. रंगाच्या नांवावर विसंबून घरपोंच मागविणें म्हणजे फोटो पाहून बैल घेण्यासारखें आहे. याशिवाय आंत रबराच्या बारीक गाद्या घातलेले ‘सायलेंट’ खटकेही मिळतात. ते खरोखरच शांत असतात. स्पर्श मात्र थोडा मऊ, ओल्या मातींत बोट रुतावें तसा. मला तो रुचला नाहीं. आजारी माणसाच्या उशाशीं बसून काम करावयाचें असेल, तर रुचीचा प्रश्न येत नाहीं.

टिकाऊपणाचे आकडे मोठे सांगतात. चेरीच्या निळ्या खटक्याला पांच कोटि दाब आणि तपकिरी-तांबड्यांना दहा कोटि दाब सोसतात असें कंपनी सांगते. रबरी कळफलकाला साधारणपणें पन्नास लक्ष ते एक कोटि. याचा अर्थ काय होतो, तो हिशेब मीं करून पाहिला. मिनिटाला दोनशें ठोके, दिवसाला सहा तास, म्हणजे ७२ हजार ठोके. वर्षाचे तीनशें दिवस धरले तर २ कोटि १६ लक्ष. त्यांतला दहावा हिस्सा सर्वांत राबणाऱ्या एका कळीवर पडला असें समजूं. म्हणजे त्या कळीला वर्षाला साडेएकवीस लक्ष दाब. या हिशेबानें पांच कोटींचा खटका तेवीस वर्षें जातो, आणि रबर सव्वादोन ते साडेचार वर्षें. ज्याचें पोट टंकलेखनावर आहे त्यानें खटक्याचा कळफलक घ्यावा, हें यांतून उघड दिसतें. जो दिवसाला दोन पत्रें लिहितो त्याला रबरीही जन्मभर पुरेल. त्यानें उगाच खर्च करूं नये.

पण श्रोतेहो, माझ्या पाहण्यांत दाब मोजून संपलेला खटका एकही नाहीं. खटके मेले ते धुळीनें, चहानें आणि आमच्या भागांत रुईच्या तंतूनें. तंतु आंत शिरला कीं पातीचा संयोग धड होत नाहीं. कधीं कळ मुकी राहते, कधीं एका दाबाला दोन अक्षरें उमटतात. मराठींत एका अक्षरावर दोन काने आले म्हणजे काय शोभा होते, तें सांगावयास नको. म्हणून टिकाऊपणा पाहतांना कोट्यवधींचा आकडा नुसता ऐकावा, आणि विचारावें तें हें कीं एकच खटका बिघडला तर तेवढा बदलतां येतो काय? कांहीं कळफलकांत खटका चिमट्यानें उपटून दुसरा बसवितां येतो. कांहींत डाग काढून नवा जोडावा लागतो, पण तेंही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जाणता कारागीर करूं शकतो. रबरी चादरींत ही सोय नाहीं. कळांच्या टोप्या कोणत्या प्लॅस्टिकच्या आहेत तेंही विचारावें. ए.बी.एस.च्या टोप्या कांहीं काळानें घासून चकचकीत होतात, पी.बी.टी.च्या सहसा होत नाहींत. देवनागरी अक्षरांच्या चिकटचिठ्ठ्या लावूं नयेत, त्यांच्या कडांना धूळ चिकटते. आणि ज्याला परीक्षा द्यावयाची आहे त्यानें कळांकडे पाहणेंच चूक.

पुतणीला मीं तपकिरी खटक्यांचा कळफलक आणून दिला, खालीं घोंगडीची घडी घातली. आणखी एक गोष्ट तिला सांगितली आहे, ती परीक्षेस बसणाऱ्या सर्वांना लागू आहे. परीक्षेच्या खोलींत आपल्या आवडीचा खटका मिळेल असें धरून चालूं नये. तेथें साधा रबरी कळफलक पुढें येण्याचाच संभव अधिक. तेव्हां शेवटचे पंधरा दिवस तशाच कळफलकावर हात बसवावा, नाहींतर पहिलीं पांच मिनिटें बोटें भांबावून जातात. तिनें एका मैत्रिणीकडून तसा एक मागून ठेवला आहे.

मागल्या रविवारीं दुपारीं मी तेथें होतों. ती पलीकडच्या खोलींत सराव करीत होती. भाऊ अंथरुणावर पडल्या पडल्या थोडा वेळ कान देऊन राहिला, मग उठून पडदा बाजूला सारून त्यानें आंत पाहिलें. “लिहितेस ना गं?” त्यानें विचारलें. “हो बाबा,” ती म्हणाली, “चौथें पान चाललें आहे.” तो परत येऊन निजला. निळा कळफलक आतां माझ्या घरीं आहे. हें भाषण मीं त्याच्यावरच लिहिलें, पडवींत बसून, दार लावून.