ज्ञानभांडारांतील नांवांचा प्रश्न

भंडारा जिल्ह्याची ख्याति तलाव, तांदूळ आणि पितळेचीं भांडीं या तीन गोष्टींसाठीं आहे. यांपैकीं तलावांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. कोहळी समाजाच्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या खपून गांवोगांवीं पाणी अडविलें, मालगुजारांनीं त्या तलावांची निगा राखिली आणि मालगुजारी नष्ट झाल्यावर, म्हणजे १९५१ नंतर, ते सरकारकडे आले. आतां अशी कल्पना करावी कीं, भंडारा शहरांतील एखादी विद्यार्थिनी याच तलावांवर प्रबंध लिहूं इच्छिते. तिच्या अगोदर या विषयावर कोणीं काय लिहून ठेविलें आहे, हें तिनें प्रथम पाहिलें पाहिजे. पूर्वीं अशा विद्यार्थिनीला नागपुरास जाऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयांतील कपाटें धुंडाळावीं लागत. आज तिला घरीं बसून संगणकावर अनेक संस्थांचीं ज्ञानभांडारें उघडतां येतात. दार उघडें आहे, आंत दिवाहि आहे; परंतु मांडून ठेविलेल्या वस्तूंवरील चिठ्ठ्या मात्र घराघरांतून निराळ्या आहेत. प्रस्तुत भाषणाचा विषय या चिठ्ठ्या हाच आहे.

विद्यापीठानें किंवा संशोधनसंस्थेनें आपल्या अध्यापकांचें व विद्यार्थ्यांचें लेखन संगणकांत सांठवून तें सर्वांस खुलें करावयाचें, या व्यवस्थेस ज्ञानभांडार असें म्हणतां येईल. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन विद्यापीठानें २००० सालीं ‘ईप्रिंट्स’ आणि अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेनें ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या साहाय्यानें २००२ सालीं ‘डीस्पेस’ अशा दोन आज्ञावल्या तयार केल्या. दोन्ही विनामूल्य असल्यामुळें त्यांचा जगभर प्रसार झाला. भारतांत विद्यापीठ अनुदान आयोगानें २००९ सालीं नियम केला कीं, पीएच.डी.च्या प्रत्येक प्रबंधाची संगणकीय प्रत द्यावी. या प्रती गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारांत जमा होतात. भंडाऱ्याचीं महाविद्यालयें ज्या विद्यापीठास जोडलेलीं आहेत, तें १९२३ सालीं स्थापन झालेलें नागपूर विद्यापीठहि या गंगेंत आपली ओंजळ घालीत असतें. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानें तर आपल्या संग्रहांतील जुने दुर्मिळ ग्रंथहि अशाच रीतीनें खुले केले आहेत.

भांडारांत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची एक नोंद करावी लागते. १९९५ सालीं अमेरिकेच्या ओहायो संस्थानांतील डब्लिन गांवीं जाणत्यांची एक बैठक भरली आणि तिच्यांतून पुढें पंधरा रकान्यांचा एक सोपा नमुना सिद्ध झाला. गांवाच्या नांवावरून त्यास ‘डब्लिन कोअर’ म्हणतात. त्यांत शीर्षक, कर्ता, दिनांक, विषय यांबरोबर ‘प्रकार’ असाहि एक रकाना आहे. वस्तु कोणत्या जातीची, ती शोधनिबंध आहे कीं प्रबंध, ग्रंथ कीं नकाशा, हें त्यांत लिहावयाचें. रकाना सर्वत्र एकच झाला. पण त्यांत कोणता शब्द लिहावा हें बहुधा प्रत्येक संस्थेच्या मर्जीवर राहिलें. खरी अडचण येथूनच सुरू होते.

एक साधें उदाहरण घ्यावें. आपल्याकडे पीएच.डी.साठीं लिहिलेल्या ग्रंथास ‘थीसिस’ आणि एम.फिल.साठीं लिहिलेल्यास ‘डिसर्टेशन’ म्हणण्याची वहिवाट आहे. अमेरिकेंत बहुतेक ठिकाणीं हीच वहिवाट नेमकी उलट आहे. तेथें डॉक्टरच्या पदवीचें तें ‘डिसर्टेशन’ आणि त्याखालच्या पदवीचें तें ‘थीसिस’. म्हणजे शब्द तेच, पण अर्थांची अदलाबदल झालेली! त्यांत पुन्हां एक संस्था ‘पीएच.डी. थीसिस’ लिहिते, दुसरी ‘डॉक्टोरल थीसिस’, तिसरी नुसतें ‘थीसिस’, तर चौथी ‘प्रबंध’. मनुष्य हीं चारहि नांवें पाहून मनाशीं हंसेल व पुढें जाईल. यंत्राला हंसतां येत नाहीं. तें चार नांवांचे चार ढीग करतें.

संस्था एकेकट्या होत्या तोंवर हा घरगुती गोंधळ खपून जात असे. परंतु १९९९ सालीं अमेरिकेंतील सांता फे येथें झालेल्या विचारविनिमयांतून निरनिराळ्या भांडारांतील नोंदी एकत्र गोळा करण्याची एक सर्वमान्य रीत निघाली आणि २००२ मध्यें तिला स्थिर रूप आलें. खरगपूरच्या तंत्रविद्यासंस्थेनें उभारलेलें व १९ जून २०१८ रोजीं राष्ट्रास अर्पण झालेलें भारताचें राष्ट्रीय संगणकीय ग्रंथालय अशाच प्रकारें ठिकठिकाणच्या नोंदी एका जागीं आणतें. शेतांतील धान्य शेतकऱ्याच्या कणगींत आहे तोंपर्यंत पायली कोणत्या गांवची, हें कोणी विचारीत नाहीं. तें बाजारांत आलें म्हणजे मात्र मापाचा तंटा सुरू होतो. पायली आणि खंडी हीं मापें गांवोगांवीं निराळीं असत. १९५६ सालीं कायदा होऊन दशमान वजनें आलीं, तेव्हां तो तंटा मिटला. ज्ञानाच्या बाजारांत आज तीच वेळ आली आहे. मात्र येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. शेर आणि किलो यांचा हिशेब करतां येतो. ‘अहवाल’ आणि ‘ग्रंथ’ यांचा करतां येत नाहीं. तेथें गणित नव्हे, विवेक लागतो.

याचा प्रत्यय भंडारा जिल्ह्यांतच घेतां येतो. वैनगंगेच्या कांठीं पवनी हें प्राचीन नगर आहे. तेथें १९६९–७० मध्यें नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं मिळून उत्खनन केलें आणि बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडांत आणिले. डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पति जोशी यांनीं लिहिलेला त्याचा वृत्तांत विद्यापीठानें १९७२ सालीं प्रसिद्ध केला. आतां हा वृत्तांत कोणत्या प्रकारांत घालावयाचा? तो छापून प्रकाशित झाला म्हणून ग्रंथ आहे. केलेल्या कामाचा तपशील त्यांत आहे म्हणून अहवाल आहे. एका ग्रंथपालानें त्यास ग्रंथ म्हटलें, दुसऱ्यानें अहवाल म्हटलें, तर दोघांपैकीं कोणीहि चुकला असें म्हणवत नाहीं. परंतु विदर्भांतील सर्व उत्खनन-अहवाल पाहूं इच्छिणाऱ्या अभ्यासकाला पहिल्या ठिकाणीं पवनी सांपडणार नाहीं. जी वस्तु सांपडत नाहीं, ती वाचकाच्या दृष्टीनें नसल्यासारखीच असते.

दुसरी अडचण तयार याद्यांची. डीस्पेसबरोबर प्रकारांची जी आयती यादी मिळते, तींत संगीताचें स्वरलेखन आहे, इमारतीचा आराखडा आहे, त्रिमिति चित्रहि आहे. कारण ती एका अमेरिकन तंत्रविद्यासंस्थेच्या गरजेंतून निघालेली आहे. आपल्या महाविद्यालयांच्या भांडारांत जुन्या प्रश्नपत्रिका असतात, पाठ्यक्रम असतात, स्मरणिका असतात, क्वचित् हस्तलिखित पोथीहि असते. यांपैकीं कोणाचेंच नांव त्या यादींत नाहीं. मग कामाच्या घाईंत या सर्वांची रवानगी ‘इतर’ या कोठडींत होते. ज्या भांडारांत ‘इतर’ हा प्रकार सर्वांत मोठा झाला, तेथें वर्गीकरण असून नसल्यासारखें झालें असें समजावें.

हा प्रश्न केवळ ग्रंथपालांच्या टेबलावरचा आहे, असें कोणी समजूं नये. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत अध्यापकाच्या लेखनास प्रकारागणिक गुण ठरविले गेले: आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडील ग्रंथास १२, राष्ट्रीय प्रकाशकाकडील ग्रंथास १० आणि संपादित ग्रंथांतील प्रकरणास ५. म्हणजे एखाद्या नोंदींत ‘प्रकरण’ याऐवजीं ‘ग्रंथ’ असा शब्द पडला, तर कागदावर गुण दुप्पट होतात. आणि उलट घडलें तर कोणाचे तरी श्रम निम्म्यावर येतात. एका शब्दावर मनुष्याची बढती आणि संस्थेची प्रतिष्ठा अवलंबून असेल, तर तो शब्द कोणीं व कोणत्या नियमानें लिहिला, हें विचारण्याचा समाजास अधिकार आहे.

यावर उपाय काय? जगांतील खुल्या ज्ञानभांडारांचा ‘कोआर’ नांवाचा एक संघ २००९ सालीं स्थापन झाला. त्यानें वस्तुप्रकारांचा एक कोश तयार करून २०१५ पासून प्रसिद्ध केला आहे. या कोशाची खुबी अशी कीं, त्यांत प्रत्येक प्रकाराला शब्दापेक्षां निराळा असा एक कायमचा संकेतांक दिलेला आहे. नांव कोणत्याहि भाषेंत लिहावें, संकेतांक बदलत नाहीं. दुसरें असें कीं, हे प्रकार वंशवृक्षाप्रमाणें मांडलेले आहेत. ‘मजकूर’ या मोठ्या शाखेखालीं ‘प्रबंध’, आणि त्याखालीं डॉक्टरच्या पदवीचा, त्याखालच्या पदवीचा व पहिल्या पदवीचा असे तीन पोटप्रकार. ज्याला बारकावा ठाऊक आहे त्यानें खालची फांदी धरावी. ज्याला नाहीं त्यानें वरची धरून थांबावें. निदान चुकीच्या झाडावर तरी कोणी चढणार नाहीं.

प्रत्यक्ष काम तीन पायऱ्यांनीं करतां येईल. प्रथम प्रत्येक संस्थेनें आपल्या ‘प्रकार’ रकान्यांत आजवर कोणकोणते शब्द लिहिले गेले, त्यांची यादी करावी व प्रत्येक शब्द कितीदां आला तें मोजावें. दुसऱ्या पायरीस त्या प्रत्येक शब्दासमोर समान संकेतांक लिहावा. जुना शब्द पुसून टाकूं नये. तो शेजारीं राहूं द्यावा, कारण त्यांत त्या संस्थेचा इतिहास असतो. आयोगानें २०२२ च्या नियमांनीं एम.फिल. ही पदवी बंद केली. परंतु तत्पूर्वीं लिहिले गेलेले एम.फिल.चे प्रबंध कांहीं नाहींसे झाले नाहींत, आणि त्यांचा प्रकारहि नाहींसा होऊन चालणार नाहीं. तिसऱ्या पायरीस ‘इतर’ची कोठडी उघडून आंतील एकेक वस्तु माणसाच्या डोळ्यांनीं पाहावी. पवनीच्या वृत्तांतासारखी दोन घरची वस्तु असेल तर तिला दोन्ही प्रकार लावावे. डब्लिनच्या नमुन्यांत तशी मुभा आहे.

कोणी म्हणेल कीं, ज्या महाविद्यालयांत एकच ग्रंथपाल असतो, पुस्तकें देणें-घेणेंहि त्याच्याच गळ्यांत असतें, तेथें हा उपद्व्याप कोणीं करावा? हा आक्षेप खरा आहे. म्हणून दुसऱ्या पायरीचें काम प्रत्येकावर न टाकतां विद्यापीठाच्या ग्रंथालयानें एकदांच करावें आणि मराठी नांव, इंग्रजी नांव व संकेतांक असा तीन रकान्यांचा तक्ता सर्व महाविद्यालयांस पाठवावा. प्रश्नपत्रिका, स्मरणिका, पोथी यांसारख्या आपल्या वस्तूंना कोणत्या फांदीवर बसवावयाचें, हें त्यांतच सांगावें. कोणी असेंहि म्हणेल कीं, परक्यांच्या कोशांत आपलें वैशिष्ट्य बुडून जाईल. परंतु वैशिष्ट्य नांवांत ठेवावयास कोणाची हरकत नाहीं. समानता संकेतांकांत असली म्हणजे पुरे.

शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूचि १९४३ सालीं प्रसिद्ध झाली. त्या काळीं ना संगणक होता, ना संघ. होती ती विखुरलेलें एकत्र आणून जेथल्या तेथें लावण्याची चिकाटी. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें सांगितलीं, त्यांतील चौथें वाचकाचा वेळ वांचविण्याविषयीं आहे. प्रकाराच्या रकान्यांत योग्य शब्द लिहिणें हें या सूत्राचें अगदीं लहान, परंतु रोजचें पालन होय. तें ज्या दिवशीं नियमानें होऊं लागेल, त्या दिवशीं भंडाऱ्याच्या तलावांवरील प्रबंध, अहवाल आणि नकाशे एकाच मागणीसरशीं, आपापल्या खऱ्या नांवांनिशीं, अभ्यासकाच्या पुढें येऊन उभे राहतील. आणि शोधण्यांत जाणारे तिचे महिने विचार करण्यासाठीं मोकळे होतील.